तेलकट लेनवर बॉल वळेना: सोलापूरच्या एका खेळाडूचं प्रकरण

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेनऊला बेंगळुरूहून भाचीचा फोन आला. टेनपिन बोलिंगच्या, म्हणजे लेन नावाच्या लांब पट्टीवरून जड बॉल सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या खेळाच्या, स्पर्धेचा पहिला दिवस संपला होता. "मामा, बॉल नुसता घसरायलाय. वळंनाच गेलाय की. उद्या काय करू सांगा." आवाज रडवेला नव्हता, पण थकलेला होता. सहा गेमची सरासरी 139. पुण्यात रविवारी ती सराव करते तिथं सरासरी 170 च्या खाली क्वचित येते. हात तोच, बॉल तोच, आणि फरक तीस पिनांचा.

मी फोनवर एवढंच सांगितलं की बॉल बाहेर टाकू नकोस, लेनवर नेमासाठी जे बाण काढलेले असतात त्यातल्या तिसऱ्या बाणावरून जमेल तेवढा सरळ खेळ. दुसऱ्या दिवशी सरासरी 151 झाली. पण ती परत आली ती एक नवा कोरा बॉल घेऊनच. स्पर्धेच्या ठिकाणी एका विक्रेत्यानं सांगितलं होतं, "सगळ्यात जास्त वळणारा बॉल हाच." जांभळा, चकचकीत, आत चांदीची झाक. एका महिन्याच्या पगाराएवढे पैसे गेले होते.

पुढचे चार महिने आम्ही दोघांनी ह्या एकाच प्रश्नावर घालवले. ते सगळं इथं मांडतोय, कारण मॉलमधल्या कोरड्या लेनवर शिकून स्पर्धेच्या तेलकट लेनवर जाणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक खेळाडूला हा धक्का बसतो, आणि बहुतेक जण तेच करतात जे भाचीनं केलं: आधी बॉल विकत घेतात, मग विचार करतात.

थोडी पार्श्वभूमी. भाची सव्वीस वर्षांची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत घरचा टॉवेलचा कारखाना आहे, तिथला हिशेब आणि माल पाठवणं ती बघते. पुण्यात शिकायला होती तेव्हा बोलिंगची गोडी लागली आणि ती सुटली नाही. महिन्यातले दोन-तीन रविवार पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जाते, दुपारभर खेळते, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. उजव्या हातानं खेळते, 14 पौंडांचा बॉल, दोन बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातात अशी फिंगरटिप पकड. मी पुण्यात नोकरीला असताना पंधरा वर्षं खेळलो, आणि त्यातली काही वर्षं बॉलला भोकं पाडून देणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराच्या हाताखाली संध्याकाळी काम केलं. त्यामुळे बॉलच्या आतबाहेरचं थोडं कळतं.

दोन चमचे तेल

फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल सोडायचा ती रेघ) हेड पिनपर्यंत (सगळ्यात पुढची पिन) लेन 60 फूट लांब असते, रुंदी साडेएक्केचाळीस इंच, आणि त्या रुंदीत 39 उभ्या पट्ट्या. ह्या पट्ट्यांनाच बोर्ड म्हणतात. सुरुवातीच्या साधारण 40 फुटांवर मशीननं तेल पसरलेलं असतं, शेवटचे वीसेक फूट कोरडे. तेल आधी लाकूड झिजू नये म्हणून लावायचे. आता तेच ह्या खेळाचं कोडं झालंय, आणि डोळ्यांना ते दिसतसुद्धा नाही.

रोजच्या गिऱ्हाइकांसाठी जे तेल घालतात ते मधे जास्त आणि कडांना अगदी कमी असतं. त्याचा फायदा असा की बॉल चुकून बाहेर गेला तर कोरडा भाग त्याला परत आत ढकलतो, आणि चुकून आत गेला तर मधलं तेल त्याला जास्त वळू देत नाही. दोन्ही चुका लेनच सांभाळून घेते. स्पर्धेच्या लेनवर तेल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बरंचसं सारखं असतं. तिथं चूक चूकच राहते.

बेंगळुरूच्या स्पर्धेत तेलाच्या आराखड्याचा कागद सगळ्यांना आधीच दिला होता. भाचीनं तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा उघडला नाही. सोलापुरात आल्यावर आम्ही तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. लांबी 43 फूट, एका लेनवर 28 मिलिलिटर तेल. बहिणीनं मोठ्या चमच्यानं पाणी मोजून दाखवलं: दोन चमचेसुद्धा पुरते भरले नाहीत. पोह्यांच्या फोडणीला लागतं तेवढं तेल, आणि त्यानं पोरीची दोन दिवस दाणादाण उडवली होती.

त्या कागदावरच अर्धं उत्तर होतं. बोलिंगमध्ये एक जुना ठोकताळा आहे, 31 चा. तेलाची लांबी जेवढी फूट, त्यातून 31 वजा करायचे. जो आकडा येईल त्या बोर्डाच्या आसपास बॉल तेलातून बाहेर पडायला हवा, बोर्ड उजव्या कडेकडून मोजायचे. 43 वजा 31 म्हणजे 12. मी विचारलं, "तू कुठं टाकत होतीस?" ती म्हणाली, "पुण्यातल्यासारखंच, सातव्यावर." म्हणजे बॉल पाच बोर्ड जास्त बाहेर जात होता आणि तिथं त्याला परत आणायला कोरडी जागाच नव्हती. हेड पिनच्या उजवीकडून निघून जायचा आणि 1-2-4-10 असल्या पिना उभ्या राहायच्या (पिनांना पुढून मागं, डावीकडून उजवीकडे 1 ते 10 नंबर असतात, हेड पिन म्हणजे 1). जेव्हा पॉकेट, म्हणजे 1 आणि 3 नंबरच्या पिनांमधली फट, लागायचं तेव्हाही मार हलका बसायचा, मधोमध असलेली पाच नंबरची पिन जागची हलायची नाही. पाच नंबर वारंवार उभी राहते तेव्हा बॉल पिनांना लागून बाजूला फेकला जातोय, आत घुसत नाही, असं समजायचं.

नेमाची चूक तर सापडली. पण ती सुधारूनही दुसऱ्या दिवशी 151 च झाले होते, म्हणजे बॉलचाही वाटा होता. तो किती, हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

मोजमाप

बॉल हातातून सुटल्यावर आधी घसरतो, मग वळतो, आणि शेवटी गडगडत सरळ जातो. तेलावर घर्षण जवळजवळ नसल्यानं हातानं दिलेली बाजूची फिरकी तिथं वापरलीच जात नाही, नुसती साठून राहते. बॉलला जिथं पकड मिळते तिथून ती फिरकी कामाला लागते. ज्याचा वेग जास्त आणि फिरकी कमी, त्याचा बॉल पकड मिळायच्या आतच पिनांपाशी पोचतो. तेव्हा आधी वेग आणि फिरकी मोजायची ठरवली.

ह्याला काही यंत्र लागत नाही. बॉलवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये मागून चित्रण केलं. पट्टी एक फेरा पूर्ण करून पुन्हा त्याच जागी यायला 60 चित्रं लागली. म्हणजे पाव सेकंदाला एक फेरा, मिनिटाला 240. बॉल सुटल्यापासून हेड पिनला लागेपर्यंत साधारण 2.3 सेकंद गेले, म्हणजे ताशी साडेअठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाला 240 फेरे कमी पडतात. भाचीच्या खेळातला वेग फिरकीपेक्षा पुढं आहे. तिच्यासारख्यांना जास्त तेल सगळ्यांत आधी नडतं.

हे ऐकून ती म्हणाली, "मग वेगच कमी करते की." करून पाहिला. चाल बिघडली, बॉल सोडताना खांदा पुढं यायला लागला. हाताची सवय महिन्या-दोन महिन्यांत बदलत नाही, आणि पुढची स्पर्धा मार्चमध्ये होती. तो उपाय बाजूला ठेवला.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पुण्यात लेन मशीन चालवणाऱ्या मुलाला विनंती करून सकाळी एका लेनवर दोनदा मशीन फिरवून घेतली. बेंगळुरूचा आराखडा हुबेहूब उतरणार नव्हताच, पण तेल भरपूर होतं. तीन बॉल नेले होते: तिचा चार वर्षांचा जुना हायब्रिड, नवा चकचकीत पर्ल आणि माझा जुना युरेथेन. ही नावं कव्हरची, म्हणजे बॉलच्या बाहेरच्या थराची; हायब्रिड म्हणजे पर्ल आणि बिनचमकीचं सॉलिड यांचं मिश्रण. प्रत्येकाचे वीस फटके, सगळे तिसऱ्या बाणावरून.

जुन्यानं पॉकेट सहा वेळा गाठलं, युरेथेननं तीन वेळा. नव्यानं चार वेळा.

भाची दोन मिनिटं बाकावर गप्प बसून राहिली. हाच बॉल आदल्या रविवारी शेजारच्या कोरड्या लेनवर इतका वळला होता की बाजूच्या लेनवरची मुलं बघायला थांबली होती. विक्रेता खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. कोरड्यावर तो खरंच सगळ्यात जास्त वळत असेल. पण पर्ल कव्हरमध्ये अभ्रकासारखी चमक मिसळलेली असते आणि वरून पॉलिश असतं. असा बॉल तेलावर लांबपर्यंत न अडखळता जातो आणि कोरडं लागलं की एकदम कोन घेतो. तेल जास्त असेल तर तो कोन घ्यायला जागाच उरत नाही. 28 मिलिलिटरवर त्याला पाठवणं म्हणजे मृगात काळ्या रानात गुळगुळीत टायरची गाडी घालणं.

युरेथेनबद्दलही एक गैरसमज इथं काढायला हवा. 1980 च्या दशकात ते आलं तेव्हा आधीच्या प्लॅस्टिकच्या मानानं पकड फार चांगली वाटली, आणि आजही कमी लांबीच्या आराखड्यावर ते उत्तम चालतं. पण ते तेल शोषत नाही, पुढं ढकलत नेतं. जड तेलावर ते उचलू नये. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आलं, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि तेल त्यांत मुरतं. रेझिन म्हणजे आपली राळच. माझे वडील गिरणीत जॉबर होते. पट्ट्याला तेल लागून तो पुलीवर घसरायला लागला की ते पट्ट्याला राळ चोळायचे आणि यंत्र पुन्हा फिरायचं. रासायनिक नातं कितपत जवळचं ते बाजूला ठेवू, पण भाचीला हे सांगितल्याबरोबर कव्हरचं महत्त्व पटलं. कारखान्यात वाढलेली मुलगी आहे ती.

बंबाचं पाणी आणि चुंबळ

तीनही बॉलमध्ये जुनाच बरा ठरला, आणि तोही मेल्यासारखा होता. चार वर्षांत त्याचा पृष्ठभाग एकदाही घासलेला नव्हता. शोषलेलं तेल आत साठलेलं, वरून लेनवर घासून घासून आलेली चमक. नवा बॉल घ्यायचा तर आधी ह्याच्यातून काय निघतं ते बघू, असं मी म्हटलं.

एका शनिवारी सकाळी बहिणीच्या न्हाणीघरात हा कार्यक्रम झाला. बोटांची भोकं वॉटरप्रूफ टेपनं बंद केली. बंबाचं पाणी बादलीत काढलं आणि थर्मामीटर घालून 55 अंशांवर येईपर्यंत थांबलो. उकळतं पाणी कधीही घालू नये, कव्हर तडकतं. त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. बॉल बुडवून वीस मिनिटं ठेवला. थोड्या वेळानं पाण्यावर पिवळसर, बारीक गोल तवंग दिसायला लागले, आमटीवर येतात तसे. बहीण दारातून बघत होती, म्हणाली, "अगं बाई, एवढं तेल प्यायलाय हा?" पाणी बदलून तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळेला तवंग जवळजवळ थांबले. सोलापुरातल्या उन्हात गाडीच्या डिकीत बॉल ठेवला की तो तेलानं पाझरलेला दिसतो, आणि काही जण तोच उपाय समजतात. तसं करू नका. मे महिन्यात बंद गाडीतली उष्णता कुणाच्या ताब्यात नसते आणि बॉलला भेग गेली की तो संपला.

मग घासणं. बॉलचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे ते ग्रिटच्या आकड्यावर कळतं: 500 म्हणजे खरखरीत, 1000 आणि 2000 मधले, 4000 म्हणजे गुळगुळीत, आणि त्यावर पॉलिश. खडबडीत पृष्ठभागाची बारीक टोकं तेलाच्या पातळ थरातून खाली लेनपर्यंत पोचतात आणि बॉलला लवकर पकड मिळते. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेत ह्या खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, बॉलच्या चालीचा जो मोठा अभ्यास केला, त्यातही इतर सगळ्या गोष्टींपेक्षा पृष्ठभागाच्या ह्या खडबडीतपणाचाच परिणाम सगळ्यात मोठा निघाला. विक्रेते मात्र तासभर कोअरवर, म्हणजे बॉलच्या पोटातल्या वजनाच्या गाभ्यावर, बोलतात. कोअरचं चित्र खोक्यावर छापता येतं, खरखरीतपणाचं येत नाही.

भाची रंगकाम करणाऱ्या गॅरेजमधून वॉटर पेपर आणणार होती. मी नको म्हटलं. नुसत्या कागदानं बोटांच्या दाबाखाली सपाट चट्टे पडतात आणि पृष्ठभाग सगळीकडे सारखा होत नाही. फोमची पाठ असलेले ॲब्रॅलॉनचे गोल पॅड माझ्याकडे होते. बॉल ठेवायला स्पिनर यंत्र नव्हतं. बहिणीनं कारखान्यातला जुना टॉवेल पिळून चुंबळ करून दिली, त्यावर बॉल घट्ट बसला. आधी 500, मग 1000, पाणी मारत, प्रत्येक बाजूला घड्याळ लावून तीस सेकंद, सारखा दाब. बॉल फिरवून सहा बाजू. पॅडखालून राखाडी चिखल निघत होता. शेवटी पुसून उजेडात धरला तेव्हा चमक गेलेली, पाटीच्या दगडासारखा मंद. भाचीला ते रूप अजिबात आवडलं नाही.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा, कारखान्यात गिऱ्हाइकांची गर्दी, दोन रविवार पुण्याला जाता आलं नाही. महिनाअखेर पुन्हा तीच लेन, पुन्हा दोनदा मशीन, पुन्हा वीस फटके. पॉकेट बारा वेळा लागलं. बॉल तोच होता. खर्च झाला होता साबणाच्या चार थेंबांचा आणि दोन पॅडचा.

तिथंच थांबायला हवं होतं का? मी बरेच दिवस ह्यावर विचार केला. बारा वेळा पॉकेट लागूनही पाच नंबरची पिन चारदा उभी होती. पकड मिळत होती, पण उशिरा. जुन्या बॉलच्या कोअरची ताकद मध्यम होती, आणि तो 500 पर्यंत घासला तर पुण्याच्या कोरड्या लेनवर वापरता आला नसता. भाची सोलापुरात राहते, बॉल पुन्हा पुन्हा घासायला हाताशी स्पिनर नाही. तेव्हा जड तेलासाठी वेगळा बॉल हवा, ह्या निर्णयावर आलो. नोव्हेंबरात केलेल्या खरेदीपेक्षा ही खरेदी वेगळी होती ती एवढ्यासाठीच, की आता काय हवं ते आकड्यात सांगता येत होतं.

निवड

कव्हर: सॉलिड रिॲक्टिव्ह. त्यात चमक मिसळलेली नसते, ते लवकर पकड घेतं. कारखान्यातून येतानाच 500 किंवा 1000 ग्रिटवर असलेलं. ह्या एका अटीनं यादीतले निम्मे बॉल बाद झाले.

मग कोअर. त्यात आरजी नावाचा आकडा असतो, नियमानुसार 2.46 ते 2.80 च्या मधला. वजन मध्याजवळ एकवटलेलं असेल तर आरजी कमी, आणि बॉल लवकर फिरायला लागतो. फुगडीत हात आखडून जवळ आलं की गिरकी वाढते, तसं. भाचीची फिरकी कमी, म्हणून आरजी 2.50 च्या खालचा हवा. दुसरा आकडा डिफरन्शिअल, त्याची कमाल मर्यादा 0.060. हा जितका जास्त तितका बॉलचा फिरण्याचा आस लेनवरून जाताना सरकत जातो आणि प्रत्येक फेऱ्याला बॉलचा नवा, कोरडा भाग लेनला लागतो. जड तेलावर हे फार कामाचं आहे. नाहीतर तेल लागलेलाच भाग पुन्हा पुन्हा तेलावर फिरतो. 0.050 च्या वरचा शोधला.

कोअरचा आकार सगळ्या बाजूंनी सारखा (सिमेट्रिक) हवा की असमान (असिमेट्रिक), ह्यावर आमचं एकमत नव्हतं. भाचीचं म्हणणं, सिमेट्रिक बॉल अंदाजात राहतो. तिचं चूक नव्हतं. पण असिमेट्रिक कोअर वळणाकडून गडगडण्याकडे लवकर जातो आणि तिच्या वेगाला तेच हवं होतं. तिनं शेवटचा प्रश्न विचारला, "हा बॉल पुण्यात चालंल का?" नाही चालणार. कोरड्या लेनवर तो पंचवीस फुटांवरच वळून पिनांपर्यंत दम संपवेल. जड तेलाचा बॉल रोजच्या लेनवर निरुपयोगी ठरत नसेल तर तो पुरेसा जड तेलाचा नाही, असं माझं ठाम मत आहे. पुण्यासाठी जुना हायब्रिड होताच. ती कबूल झाली.

वजनावरूनही एकदा गाडी अडली होती. सहा गेमनंतर मनगट दुखतं म्हणून तिला 12 पौंडांवर यायचं होतं. इथं एक गोष्ट खरेदी करणाऱ्यांना कुणी सांगत नाही: बऱ्याच मॉडेलांत 14, 15, 16 पौंडांच्या बॉलमध्ये जो कोअर असतो तो 12 मध्ये नसतो, साधा घातलेला असतो. नाव तेच, रंग तोच, आकडे वेगळे. म्हणजे पैसे कोअरचे द्यायचे आणि कोअर मिळायचाच नाही. 14 वरच राहिलो. मनगटासाठी पकडीचं माप पुन्हा घेतलं. अंगठ्याचं भोक सैल होतं, म्हणून ती बॉल आवळून धरत होती. दुखणं तिथलं होतं.

फेब्रुवारीत उद्यान एक्स्प्रेसनं बेंगळुरूला जाऊन भोकं पाडून घेतली. पिन, म्हणजे कोअरच्या माथ्याची बॉलवरची खूण, तिच्या फिरण्याच्या आसापासून चार इंचांवर ठेवली. आस सर्वांत जास्त सरकतो तो साडेतीन इंचांच्या थोडं आत, पण त्या टोकाला जायची गरज वाटली नाही. भोकांच्या जागेवर लोक फार वाद घालतात. माझा अनुभव असा की कव्हर आणि ग्रिट चुकलेले असतील तर जागा बदलून ते भरून निघत नाही. तोल साधायला जादा भोक पाडायचा जुना सल्ला अजून फिरतो. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसनं 1 ऑगस्ट 2020 पासून ते बंद केलंय, त्या वाटेला जाऊ नये.

हैदराबाद, मार्च

कागद आला: 42 फूट, 27 मिलिलिटर. 42 वजा 31, अकरावा बोर्ड. ह्या वेळी तो कागद तिच्या हातात होता आणि अकराच्या आकड्याभोवती पेनानं गोल काढलेला होता.

बॉलवर सकाळी सराव सुरू होण्याआधी 500 चा पॅड फिरवला. खेळताना पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत होत जातो, सकाळचा 500 दुपारपर्यंत 500 राहत नाही, आणि स्पर्धा सुरू झाली की पॅड मारायला बंदी असते. पुसायला फक्त कोरडं कापड. तिनं कारखान्यातला टेरी टॉवेल आणला होता, अभिमानानं. मी मायक्रोफायबरही दिला. टेरी पाणी छान पितो, तेल मात्र आमच्या बॉलवर पसरवत होता. शेवटी हात पुसायला सोलापुरी टॉवेल आणि बॉल पुसायला मायक्रोफायबर, असं वाटप झालं. प्रत्येक फटक्यानंतर बॉल पुसायचा, न चुकता.

पहिले चार गेम: सरासरी 172. पाच नंबरची पिन चार गेममध्ये मिळून दोनदाच उभी राहिली.

पाचव्या गेमला बॉल लवकर वळायला लागला. सगळ्यांच्या बॉलनी तेल शोषून तो रस्ता कोरडा होत आला होता. बॉल हेड पिनच्या डावीकडे जायला लागला. तिनं दोन बोर्ड डावीकडे सरकून पाहिलं, पुन्हा दोन, आणि तरी तोच बॉल धरून ठेवला. तो गेम 131 चा झाला. जड तेलासाठी घेतलेला बॉल तेल संपत आल्यावरही हातातून सुटत नाही, कारण त्यानंच तर सकाळी तारलेलं असतं. मी मागून बघत होतो, स्पर्धेत बोलता येत नव्हतं. सहाव्या गेमला तिनं स्वतःहून तो जांभळा पर्ल काढला, नोव्हेंबरात फसवणूक वाटलेला. कमी झालेल्या तेलावर तो हवा तेवढा लांब गेला आणि वळला. 178. त्या बॉलची जागा दिवसाच्या शेवटी होती.

रात्री तिनं मोबाइलवर दोन फोटो पाठवले. एक नोव्हेंबरातला, जुन्या बॉलचा: तेलाची एकच जाड, काळपट कडी, सगळे फेरे एकावर एक. दुसरा त्या दिवशी सकाळचा, पुसायच्या आधी काढलेला: नव्या बॉलवर तेलाच्या सहा बारीक कड्या, एका जागी जवळ येऊन मग पंख्यासारख्या सुट्या झालेल्या, मधे कोरडी जागा सोडून. खाली लिहिलं होतं, "मामा, मोजा." मी मोजल्या. पाचव्या गेमला बॉल केव्हा बदलायचा ते आता येत्या रविवारपासून बघायचं आहे; हुतात्माची दोन तिकिटं काढली आहेत.